बेलोरा की नागपूर? हवाई अंतर आणि लागणारा वेळ

अमरावतीचं बेलोरा आणि नागपूरचं सोनेगाव या दोन विमानतळांमधलं अंतर ऑनलाइन शोधलं, की १४० किलोमीटरच्या आसपासचा आकडा येतो. खाली विमानाचा वेळ म्हणून वीस-पंचवीस मिनिटं दिलेली असतात. त्या आकड्यावर विसंबून घरून निघाल, तर विमान चुकेल.

१४० हे हवाई अंतर, म्हणजे नकाशावर सरळ ओढलेली रेघ. रस्ता असा सरळ जात नाही. बेलोरा अमरावतीच्या दक्षिणेला, यवतमाळ रोडच्या बाजूला. तिथून आधी हायवेला लागायचं, मग तिवसा, तळेगाव, कोंढाळी करत नागपूर, आणि नागपुरात पुन्हा वर्धा रोडकडे वळायचं. दीडशेच्या वर किलोमीटर सहज होतात. चारचाकीने तीन तास धरूनच निघावं.

ती वीस-पंचवीस मिनिटं तर नुसता भागाकार आहे. एटीआरसारखं छोटं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्याने १४० ला भागलं, चढ-उताराची थोडी मिनिटं जोडली, की झालं उत्तर. या दोन विमानतळांमध्ये खरंच विमान आहे का, हे तो हिशेब बघत नाही. बेलोऱ्याहून प्रवासी सेवा सुरू झाली ती १६ एप्रिल २०२५ला, मुंबईसाठी. तिकिटावरचा वेळसुद्धा विमान जागेवरून हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतचाच असतो. बॅगा देणं, तपासणी, आधी येऊन बसणं हे सगळं आपल्याच वेळात जातं.

वरूडचं उदाहरण घ्या. तालुका अमरावती जिल्ह्यात, म्हणून बेलोरा जवळचं असं लोक धरून चालतात. सरळ रेषेत मोजलं तर दोन्ही विमानतळं जवळपास सारखीच, नव्वद किलोमीटरच्या पुढे-मागे. मग ठरवणार कशावरून? काटोलमार्गे नागपूर की मोर्शीमार्गे अमरावती ओलांडून बेलोरा, कोणत्या रस्त्याला किती तास लागतात यावरून. संत्र्याच्या हंगामात भरलेल्या ट्रकांमागे गाडी अडकली, की अंतर तेवढंच राहतं आणि वेळ वाढत जातो. शिवाय नागपुरातून दिवसभर विमानं सुटतात; एक हुकलं तर दुसऱ्याचा विचार तरी करता येतो. माझं मत विचाराल तर वरूडकराने नागपूरच धरावं.

धामणगाव रेल्वेचा मामला उलटा. बेलोरा हवाई अंतराने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, नागपूर शंभराच्या घरात. पण समृद्धी महामार्ग जवळून जातो, कारला ताशी १२०ची मर्यादा आहे, आणि तो सुटतो नागपूरच्या विमानतळाच्याच बाजूला, शिवमडक्याला. त्यामुळे अंतर दुपटीहून जास्त असलं तरी वेळ तेवढ्या पटीत वाढत नाही. अर्थात हा हिशेब चारचाकीचा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. कुणी मोटारसायकलवर सोडून देणार असेल, तर बेलोराच बरं.