ढग वर जाऊन सपाट का होतो?

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी कळव्याच्या खाडीपुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, समोर पारसिकच्या डोंगरामागे एक ढग चढत होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत फुगत वर गेला आणि एका उंचीवर एकदम सपाट झाला, लोहाराची ऐरण असते ना तसा. तो जिथे अडला तो ट्रोपोपॉज, शाळेच्या भूगोलातली तपस्तब्धी, म्हणजे ढग-पाऊस घडतात त्या खालच्या थराची वरची हद्द.

वर जाताना हवा दर किलोमीटरला साधारण साडेसहा डिग्री थंड होत जाते. तपस्तब्धीच्या वर मात्र स्थितांबर, तिथे ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो आणि हवा उलट गरम होत जाते. मग खालून आलेली हवा तिथे पोचली की आजूबाजूपेक्षा थंड, म्हणजे जड पडते आणि आडवी पसरते. विषुववृत्तावर वर चढलेली हवाही अशीच अडून ध्रुवांकडे वळते नि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते, हाच हॅडली सेल.

पण मला खरी भारी गोष्ट वाटते ती पुढची. ही तपस्तब्धी आपल्याकडे १६-१७ किलोमीटरवर आणि ध्रुवांवर ८-९ वरच. गरम हवा फुगलेली असते, त्यामुळे उंचावर आपल्या बाजूला दाब जास्त, हवा उत्तरेकडे निघते आणि पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडे वळून पश्चिमेकडून पूर्वेला वाहायला लागते, जितकं वर जाल तितका जोर वाढत जातो. तो वाढतच का राहत नाही? कारण १२-१४ किलोमीटरवर ध्रुवाकडे स्थितांबर कधीच सुरू झालेलं असतं, तिथली हवा अजून थंड होत नाही, आपल्याकडची मात्र जवळपास उणे ८० पर्यंत थंड होतच राहते, म्हणजे गरम-थंड बाजू उलटतात आणि वारा पडायला लागतो. म्हणून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा हा जोरदार वाऱ्याचा पट्टा, तपस्तब्धीजवळच सापडतो, हिवाळ्यात उत्तर भारतावर ताशी २०० किलोमीटरच्याही वर.

जूनच्या सुमाराला हा जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. तिबेटचं पठार तापलेलं असतं, म्हणजे आता उत्तर बाजू गरम, आणि आपल्या डोक्यावर साधारण १५ किलोमीटरवर उलटा, पूर्वेकडून जेट वाहतो. भारतीय हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये तो मांडला होता.

जुलैत ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर गेलात आणि ढगांना जरा फट पडली तर नीट बघा, खालचे काळे ढग खाडीकडून पूर्वेला कल्याणकडे पळत असतात आणि त्यांच्या खूप वर, पिंजलेल्या कापसासारखे पांढरे ढग हळूहळू समुद्राकडे चाललेले असतात.