दस्त्याचा स्क्रू जोराने आवळल्यास बंदूक पक्की होते का?

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पीकरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो: दस्त्याचा स्क्रू ढिला झाला की भोकात काडेपेटीची काडी घालावी आणि अंगातला जोर लावून आवळावे. काडीने स्क्रू लगेच धरतो, त्यामुळे हा सल्ला पटणे स्वाभाविक आहे.

मात्र रायफलीला दोन प्रकारचे स्क्रू असतात. दस्त्याच्या टोकावरील पट्टीचे स्क्रू लाकडात शिरतात, तर नळीकडील भाग दस्त्याला जखडणारे स्क्रू लाकडातून आरपार जाऊन धातूच्या आट्यांत बसतात. या दुसऱ्या स्क्रूंना काडीचा काहीच उपयोग नाही. पावसाळ्यात फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते म्हणून ते सैल पडतात. अशा वेळी अतिजोर लावल्यास लाकूड चेपते किंवा आटेच जातात. साध्या लाकडी दस्त्याला बहुधा ४ ते ५ न्यूटन-मीटर इतका पीळ (टॉर्क) पुरतो, तरी निर्मात्याचा आकडाच प्रमाण मानावा.

पडताळणी सोपी आहे. प्रथम बंदूक रिकामी असल्याची, चेंबरसह (नळीतील काडतुसाची जागा), खात्री करावी. मग नळी व दस्ता यांच्या सांध्यावर बोट ठेवून एक स्क्रू हळूहळू सैल करावा. नळी उसळल्याचे बोटाला जाणवले, तर बैठक (नळीकडील भाग दस्त्यात बसण्याची जागा) सदोष आहे आणि आवळून ती सुधारणार नाही.

लाकडातले भोक मोठे झाले असल्यास तेलकटपणा पुसून कठीण लाकडाची खुंटी इपॉक्सी गोंदाने बसवावी आणि तो सुकल्यावर नवे बारीक भोक पाडावे. धातूचे आटे गेले असतील, तर काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.