आयव्ही, शोभेची
(लॅ. हेडेरा हीलिक्स, कुल-ॲरॅलिएसी). यूरोप व पश्चिम आशियातील सदापर्णी वेल. झाडांखालच्या सावलीत, जिथे हिरवळ तग धरत नाही, तिथे जमीन झाकण्यासाठी तसेच कुंड्या व टांगत्या परड्यांत ती लावतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. हिमालयात हेडेरा (संक्षेपाने हे.) नेपालेन्सिस ही जाती आढळते.

वेलीच्या दोन अवस्था असतात. बालावस्थेतील खोडावर ३–५ खंडांची पाने व आगंतुक (खोडातूनच फुटणारी) मुळे असतात. उंच चढून उजेडात पोहोचलेल्या फांद्यांवर मात्र अखंड पाने येतात, मुळे फुटत नाहीत आणि शरद ऋतूत हिरवट पिवळी फुले व पुढे काळी मृदुफळे धरतात. प्रौढ फांदीच्या छाट कलमापासून झुडूपच वाढते, वेल नव्हे. म्हणून रोपांसाठी बालावस्थेतील फांद्याच घेतात.

भूआच्छादनासाठी विकली जाणारी जोमदार, मोठ्या पानांची ‘आयरिश आयव्ही’ नेमकी कोणती, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा आहे. काही लेखक तिला हे. हीलिक्सचा उपप्रकार मानतात. मॅकॲलिस्टर व रदरफर्ड या अभ्यासकांनी १९९० मध्ये ब्रिटिश बेटांतील आयव्हींचा आढावा घेताना तिला हे. हिबर्निका ही स्वतंत्र जाती मानले. गुणसूत्रांचा पुरावा या मताला अधिक अनुकूल दिसतो : हे. हीलिक्स द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच, एकूण ४८), तर हे. हिबर्निका चतुर्गुणित (चार संच, एकूण ९६) आहे. कोवळ्या पानांवरील तारकाकृती केस हीलिक्समध्ये पृष्ठभागापासून उभारलेले, तर हिबर्निकात पृष्ठभागाला चिकटून पसरलेले असतात. हे भिंगाखाली पाहता येते. भेद केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जंगलांत तण म्हणून माजलेल्या वेलींत हिबर्निकाचेच प्रमाण जास्त आढळले. ऑरेगन राज्याने २०१० मध्ये दोन्ही जातींच्या विक्रीवर बंदी घातली. अशा प्रदेशांत आयव्ही जमिनीत न लावणेच इष्ट. इतरत्र लावल्यास ती झाडांवर चढू देऊ नये. आडवी राहिलेली वेल सहसा फुलत नाही, त्यामुळे पक्ष्यांमार्फत होणारा बीजप्रसार टळतो. रोपांत सुमारे ३०–४५ सेंमी. अंतर ठेवतात.

कुंडीतील लहान पानांचे प्रकार बहुतांशी ‘पिट्सबर्ग’ या अमेरिकन प्रकाराच्या वंशातील समजले जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा १९२०च्या सुमारास, तो प्रचारात आला. शेंडा न खुडताही त्याला बगलफांद्या फुटतात, त्यामुळे परडी लवकर भरते. निचऱ्याची माती, उन्हाशिवाय भरपूर उजेड आणि वरची माती सुकल्यावरच पाणी, एवढे पुरते. पांढरट कडांचे ‘ग्लेशिअर’सारखे प्रकार अंधारात हिरवे पडतात. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी ही बारीक कीड पडते. महाराष्ट्राच्या पठारावर एप्रिल–मेमध्ये कुंडी सावलीत हलवून पाने, विशेषतः खालची बाजू, वरचेवर धुवावी. झँथोमोनस जंतूमुळे पानांवर पाणावलेले ठिपके पडतात. पाणी पानांवर रात्रभर राहू न देणे हा त्यावरचा पहिला उपाय.

रसातील फाल्करिनॉल या द्रव्यामुळे काहींच्या त्वचेला दाह होतो, म्हणून छाटताना हातमोजे वापरावेत. फळे व पाने खाण्यात आल्यास विषारी ठरतात.