नवा की परतलेला? कठड्याला धरून उभे असलेले दोन 'बिगिनर'

गणपती उठले, पावसाने पाठ फिरवली की इंदुरातल्या स्केटिंग रिंका पुन्हा कोरड्या होतात आणि चौकशा सुरू होतात. त्यात "मुलीला सोडायला रोज येतेच, तर मीही फिगर स्केटिंग शिकू का?" हा प्रश्नही असतो. मोठ्या माणसांना प्रवेश द्यायचा ठरवलेला क्लब इथेच पहिली चूक करतो. फॉर्मवर सगळ्यांच्या नावापुढे एकच शब्द टाकतो, 'बिगिनर'.

समजा, बेचाळीस वर्षांच्या एक काकू आहेत. त्यांनी जन्मात कधी पायाला चाकं लावलेली नाहीत. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आहेत. ते शाळेत पाच वर्षं स्केटिंग करत होते आणि आता पंचवीस वर्षांनी परत आलेत. पहिली दहा मिनिटं दोघंही कठडा सोडत नाहीत. तिथे फरक दिसत नाही, पण दोघांना एकच धडा दिला तर काकू तीन आठवड्यांत येणं बंद करतात आणि गृहस्थ सहाव्या आठवड्यात टाच धरून बसतात.

आधी एक खुलासा. इंदुरात फिगर स्केटिंग म्हणजे चार चाकांवरचं, आर्टिस्टिक. बर्फासाठी शिमल्यासारख्या ठिकाणी जावं लागतं. तिथली उघड्यावरची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० पासूनची. चाकांवरही एज (एका बाजूला कलून वळणात सरकणं), थ्री-टर्न (एकाच पायावर दिशा उलटवणारं वळण), उड्या, गिरक्या सगळं असतं. बर्फावर पात्याच्या दोन धारा जे काम करतात ते इथे बुटाच्या तळाला लावलेल्या प्लेटखालच्या ट्रकमधली, म्हणजे चाकांचा आस धरणाऱ्या भागातली, रबरी कुशन करतात. अंग एका बाजूला कललं की कुशन दबतं, चाकांचा आस वळतो आणि स्केट वर्तुळात जातो. पुढे कुशन पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

ओळखायचं कसं? "स्केटिंग येतं का?" हे विचारण्यात अर्थ नाही. नवी माणसं "थोडंसं" म्हणतात कारण लाज वाटते, आणि परतलेली "काहीच नाही" म्हणतात, त्याचंही कारण तेच. त्यापेक्षा विचारा: शेवटचं कधी केलं? चार चाकांवर, इनलाइनवर (एका रांगेतल्या चाकांवर) की बर्फावर? मागे जाता येत होतं का? उडी मारत होता का? याच कागदावर तब्येतीचे प्रश्नही घ्या. रक्त पातळ करायची गोळी, जुनं फ्रॅक्चर, हाडं ठिसूळ असल्याचं निदान, मधुमेहामुळे तळपायाला आलेला बधिरपणा. यातलं एकही 'हो' असेल तर आधी डॉक्टरांचा होकार, मग बूट.

कागदापेक्षा भरवशाची खूण रिंकवर मिळते. दोघांनाही सांगा, "अहो, नाडी सुटलीये तुमची, जरा बांधून घ्या." नवा माणूस कमरेतून वाकतो, गुडघे ताठ ठेवतो आणि वजन पुढे गेल्याबरोबर स्केट मागे निसटतात. परतलेला विचार न करता एक गुडघा जमिनीला टेकवतो, त्याच पायाचा टो-स्टॉप, म्हणजे पुढच्या टोकाखालचा रबरी ब्रेक, खाली रोवतो आणि आरामात नाडी बांधतो. गाठ मारायला पंचवीस वर्षांत तो विसरला असेल, पण गुडघा टेकवायला विसरलेला नसतो. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, फक्त कठड्याजवळ घ्या आणि बाजूला एक माणूस उभा ठेवा.

बुटांची गोष्टही दोघांची वेगळी. नव्या माणसाला क्लब बहुतेक वेळा मुलांसाठी ठेवलेले, पट्ट्याचे, लांबी कमीजास्त करता येणारे स्केट देतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाखाली ती प्लेट वाकते आणि घोटा आत पडतो. मग आपण म्हणतो, "काकू, घोट्यात ताकद नाहीये." दोष घोट्याचा नसतो. मोठ्या माणसाला पहिल्या दिवसापासून घोट्याच्या वर येणारा, आतून घट्ट बूटच हवा. पाऊल संध्याकाळी मोजावं, कारण दिवसभरात ते थोडं सुजतं. मिलिमीटरमध्ये मोजावं, दोन्ही पायांचं, आणि बुटात घालायचा मोजा घालून. उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघा वाकवल्यावर तो किंचित मागे सरकावा आणि टाच उचलता येऊ नये. "जरा मोकळा घेते, बोटं दुखायला नकोत" म्हणून अर्धा नंबर मोठा घेतला की टाच आत हलते आणि पुढचे सगळे धडे वाया जातात.

परतलेला माणूस स्वतःची जुनी जोडी घेऊन येतो. माळ्यावरून काढलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मोठ्या प्रेमाने. ती त्याच दिवशी घालू देऊ नका. वीस वर्षांनी कुशनचं रबर दगडासारखं होतं किंवा नखाने दाबलं तर भुगा पडतो. पॉलियुरेथेनच्या चाकांना चिरा जातात, बेअरिंगला गंज चढतो आणि तळवा बुटाला धरून ठेवणारा गोंद वाळतो. शिवाय पाऊलही बदललेलं असतं. वयाने रुंद होतं, बाळंतपणानंतर तर लांबीसुद्धा वाढू शकते. कुशन, चाकं, बेअरिंग नवी घालून बूट आणि प्लेट चालत असेल तर उत्तम. उघड्या सिमेंटवर साधारण ७८ए ते ८५ए कडकपणाची चाकं ठीक पडतात. त्याहून कडक चाकं गुळगुळीत रिंकसाठी. इंदुरी सिमेंटवर ती दात वाजवतात.

आता कुशन. परतलेला म्हणेल, "माझे ट्रक सैल ठेवायचो मी." खरं असेल, पण तेव्हा वजन पस्तीस किलो होतं, आता सत्तर आहे. कुशन आवळणारा नट तेवढाच सैल ठेवला तर ते दुप्पट दबेल आणि स्केट मनाला येईल तिकडे वळेल. नट थोडा घट्ट करून सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाव फेरा सैल करा. दोन्ही पायांना सारखाच. नव्या माणसाच्या बाबतीत उलटी चूक होते. सुरक्षित वाटावं म्हणून नट इतका आवळतात की स्केट वळतच नाही, आणि तीन महिने झाले तरी एज म्हणजे काय ते कळत नाही.

संरक्षणाचं सामान दोघांना सारखंच लागतं: हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, आणि मनगटाचे गार्ड. शेवटचं आवर्जून तपासा, बाजारातल्या तयार किटमध्ये ते असेलच असं नाही. मोठ्या माणसाचा पहिला मोडणारा अवयव मनगट, कारण पडताना हात मागे टेकतो. आणि ओढणी घरी. चाकात गेली की सोडवायला वेळ मिळत नाही.

नव्या माणसाचा पहिला तास रिंकवर नकोच, मैदानातल्या गवतावर किंवा रबरी चटईवर घ्या. टाचा जवळ, पुढची टोकं बाहेर. गुडघे इतके वाकलेले की वरून पाहिलं तर बुटाच्या नाड्या दिसू नयेत. मग पडायला शिकवा. आधी खाली बसत जायचं, मग एका कुल्ल्यावर कलायचं, मुठी छातीशी. उठताना आधी दोन्ही गुडघे, मग एक पाऊल पुढे, दोन्ही हात त्या मांडीवर आणि वर. हे दहा वेळा झालं की भीती निम्मी होते. त्यानंतर सिमेंटवर जागच्या जागी पावलं, पाच मीटर चालणं, दोन पायांवर सरकणं. थांबायला शिकवल्याशिवाय वेग नाही. हा क्रम मुलांसोबत शिकवू नका. सात वर्षांची पोरं काकूंच्या कोपराखालून सुसाट निघून जातात, काकू दचकून ताठ होतात आणि ताठ गुडघा म्हणजे पडलेच. सहा ते आठ जणांची स्वतंत्र बॅच, सगळ्यांची सुरुवात एकाच दिवशी. एकमेकांना पडताना पाहिलं की संकोच जातो. उरलेला बॅचनंतर पोह्यांच्या ठेल्यावर जातो.

परतलेल्याला या बॅचची गरज नाही आणि तिथे ठेवला तर तो कंटाळून कोपऱ्यात काहीतरी करून बघतो. त्याला कोणत्याही आठवड्यात घेता येतं, पण पहिले चार आठवडे उड्या बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच तोल, वळणं, मागे जाणं सगळं परत आलेलं असतं, कारण अंगात मुरलेली हालचाल मेंदू सहज सोडत नाही. टाचेमागची नस, गुडघा, कंबर मात्र पंचवीस वर्षं खुर्चीत होती. डोकं पंधराव्या वर्षाचं आणि नस चाळीसची, या जोडीनेच घात होतो. त्याने आधी प्रत्येक पायावर पाच सेकंद सरकणं, चारही एज आणि दोन्ही पायांचा थ्री-टर्न दाखवावा. रोज पायरीवर टाचा उचलण्याच्या पंधरा-पंधराच्या दोन फेऱ्या, बूट न घालता. पाचव्या आठवड्यात अर्ध्या फेऱ्याची वॉल्ट्झ जंप, एका सत्रात पाचच, आणि त्याही सुरुवातीला. शेवटी दमल्यावर नाहीत.

यातही एक पोटभेद आहे, आणि सगळ्यात वाईट पडतो तो हाच: लहानपणी इनलाइनवर फिरलेला माणूस, जो आता चार चाकांवर आलाय. हौशी इनलाइनचा ब्रेक टाचेला असतो. पाय पुढे करून बोटं उचलली की थांबतो. चार चाकांच्या टाचेला काहीच नसतं. वेगात सवयीने बोटं उचलली की थेट माकडहाडावर. पुढे ढकलताना बोटांनी जोर दिला तर टो-स्टॉप अडकून तोंडावर. त्याला परतलेला समजू नका. थांबण्यापुरता तो नवाच आहे, फक्त जास्त वेगवान.

पैशांचा भाग थोडक्यात. नव्या माणसांना ठरावीक मुदतीची फी परवडते, बांधिलकी राहते. परतलेल्यांना दहा सत्रांचं, तीन महिने चालणारं कार्ड द्या. ऑफिस, लग्नं, मुलांच्या परीक्षा यांत त्यांचे दिवस बुडतातच. त्यांना स्पर्धेची ओढ असेल तर प्रौढांच्या स्पर्धा ही नवलाई नाही हेही सांगा. बर्फावर अमेरिकेची प्रौढांची राष्ट्रीय स्पर्धा १९९५ पासून होते. काकूंना हे पहिल्या महिन्यात सांगायची गरज नाही.

दोघांना एकत्र कधी आणायचं? काकू दोन्ही पायांवर तीन-तीन सेकंद सरकून स्वतः थांबू लागल्या की, आठवड्यात दोन सत्रं धरली तर साधारण तीन-चार महिन्यांनी. एकत्र आणायची जागा म्हणजे फिगरचं वर्तुळ. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून सक्तीच्या फिगर, म्हणजे आखलेल्या वर्तुळांवर नेमकं सरकणं, १९९० नंतर गेल्या, चाकांवर त्या अजून आहेत, आणि उड्या नसल्याने मोठ्यांच्या गुडघ्यांना मानवतात. तीन मीटर सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक एकाने पायाखाली धरा आणि एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं काढा. त्याआधी रिंक झाडा. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, तर धुवाच, गुलालाची भुकटी चाकाखाली वाळूसारखी सरकते. मग दोघांनाही बाहेरच्या एजवर एक-एक वर्तुळ करायला लावा. परतलेल्याचं लहानपणीच्या आवडत्या पायाचं वर्तुळ रेघेवर जातं आणि दुसऱ्या पायाचं हातभर बाहेर. काकूंची दोन्ही वर्तुळं संथ, पण सारखी येतात. त्या दिवशी ट्रकचा नट पुन्हा तपासा, आधी गृहस्थांचा.