मुंबईच्या थंडीतला आसरा: प्लेग, कोर्ट आणि ब्लँकेट

डिसेंबर अर्धा सरला आणि सांताक्रूझचा पारा सोळा-सतरावर आला की पेपरात दोन फोटो हमखास येतात. एकात मरीन ड्राइव्हवर कानटोपी घालून चालायला आलेले आजोबा असतात. दुसऱ्यात फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या अंगावर ब्लँकेट घालणारे कुठल्या तरी मंडळाचे कार्यकर्ते असतात. महापालिका या दोन्ही फोटोंत नसते. पावसाळ्यात मात्र आपत्कालीन कक्ष, पंप, धोकादायक इमारतींच्या याद्या, संक्रमण शिबिरं असा तिचा सगळा संसार रस्त्यावर येतो.

याचं सरळ कारण हवामानात आहे. मुंबईत आजवर नोंदलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२ रोजी. असा आकडा पिढीतून एकदा दिसला तर दिसतो. हवामान खातंही किनाऱ्यावरच्या शहरांना वेगळी फुटपट्टी लावतं. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर यावं लागतं, तेव्हा थंडीच्या लाटेचा विचार होतो. किनारपट्टीवर पारा १५ किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली असला तरी पुरतं. म्हणजे दमट हवेत, उघड्यावर, १५ अंशही सोसत नाहीत हे खात्याला मान्य आहे. शहराच्या कारभारात मात्र ते कधी उतरलं नाही.

तरी हिवाळ्याने या शहराला एकदा हादरवलं होतं, तेही गारठ्याने नव्हे तर रोगाने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे पहिले रुग्ण सापडले आणि थंडीच्या महिन्यांत साथ भडकली. पुढे कित्येक वर्षं तोच क्रम राहिला. उन्हाळा कडक झाला की साथ ओसरायची आणि पुढच्या थंडीत परत यायची, कारण उंदरांवरच्या पिसवांना सौम्य, दमट हवा मानवते. १८९७ च्या सुरुवातीला जवळपास निम्मं शहर गावाकडे पळालं होतं. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सरकारी रुग्णालयांची लोकांना इतकी धास्ती, की वेगवेगळ्या जाती-जमातींनी आपापली प्लेग रुग्णालयं आणि छावण्या उभ्या केल्या. मदत आपल्या मंडळींनी करायची आणि सरकारी माणूस दिसला की दार लावायचं, ही मुंबईकर सवय तिथपासूनची असावी असं मला वाटतं.

प्लेगमधूनच १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट आला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि गरिबांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, असा त्याचा हेतू होता. पाडकाम जोरात झालं, बांधकाम मागे राहिलं. ट्रस्टच्या बीआयटी चाळी आणि नंतर १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे झालेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी, हीच गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेली सरकारी छपरं. एका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीने झोपणारे. पण भिंती पक्क्या होत्या आणि दार लागत होतं, हेही कमी नव्हतं.

ज्यांना खोलीही मिळाली नाही त्यांच्याकडे पाहिलं ते संस्थांनी. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने नागपाड्यात नेबरहूड हाउस सुरू केलं. त्याच्याच आधाराने १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली शाळा निघाली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. समाजसेवा पगारी आणि शिकून करायचं काम आहे ही कल्पना या देशात नागपाड्यासारख्या दाटीवाटीच्या मोहल्ल्यात रुजली, हे फार कमी मुंबईकरांना ठाऊक असतं.

सरकारने बेघरांसाठी जे पहिलं छप्पर दिलं, त्याला मात्र बाहेरून कुलूप होतं. १९४५ च्या भिकारी कायद्यानंतर १९५९ मध्ये मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्याच्या व्याख्येत फक्त हात पसरणारा माणूस नाही. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसलेला आणि सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही त्यात बसतो. पहिल्यांदा पकडला की एक ते तीन वर्षं सरकारी गृहात ठेवायची तरतूद. मुंबईत पकडलेल्यांना चेंबूरच्या भिक्षेकरी स्वीकार केंद्रात नेत. बेघर माणसं रात्रनिवाऱ्याच्या गाडीत बसायला आजही बिचकतात, त्यामागे ही जुनी भीती आहे. २००६ पासून टाटा इन्स्टिट्यूटचा ‘कोशिश’ प्रकल्प याच प्रश्नावर काम करतो आहे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या कलमांना रद्दबातल ठरवलं, पण ते दिल्लीपुरतं. ज्या शहराचं नाव कायद्याला आहे त्या शहरापर्यंत तो निकाल पोचला नाही.

आता मुख्य मुद्दा. मुंबईत गरिबाला कायद्याची ढाल मिळते ती पावसाळ्यात. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा (याचिका करणाऱ्या पत्रकाराच्या नावाने तो ओळखला जातो) निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यातलं वाक्य सगळे सांगतात. शेवटचा आदेश फारसं कुणी सांगत नाही: त्रास कमी व्हावा म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पाऊस सरल्यावर आणखी महिनाभर, झोपड्यांना हात लावू नका. पुढे निकालातल्या अटी पाळून मोकळीक! पावसाळ्यात राहती घरं पाडायची नाहीत, हा नियम राज्यात आजही पाळायचा असतो. परिणामी तोडकामाचा मोसम आपोआप ऑक्टोबर ते मे असा ठरतो आणि ऐन थंडी त्याच्या मध्यावर येते. डिसेंबर २००४ पासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत मुंबईत ८० ते ९० हजार झोपड्या पाडल्या गेल्या. मानखुर्द-गोवंडीकडची कितीतरी कुटुंबं तो हिवाळा ढिगाऱ्यांवर ताडपत्री टाकून राहिली.

फुटपाथवर हेच छोट्या प्रमाणात रोज घडतं. एका कुटुंबाचं सामान म्हणजे दोन-तीन बोचकी, एक स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि अंथरायला निवडणुकीचा किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स. पालिकेच्या अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली की जे हाताला लागेल ते उचलून पळायचं, उरलेलं ट्रकमध्ये जातं. जानेवारीत दात्यांनी दिलेलं ब्लँकेट फेब्रुवारीत असं जातं आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला नवं ब्लँकेट द्यावं लागतं. वाटप करणाऱ्यांना वाटतं, मागच्या वर्षीचं विकून खाल्लं असेल.

मग मुंबईत रात्रनिवारे आले कुठून? दिल्लीच्या थंडीतून. डिसेंबर २००९ मध्ये दिल्ली महापालिकेने पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला. अन्न अधिकाराच्या खटल्यात हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि २०१० मध्ये न्यायालयाने मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितलं, तोही चोवीस तास आणि बाराही महिने उघडा. २०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान सुरू झालं आणि त्यात हेच प्रमाण कायम राहिलं. माणशी ५० चौरस फूट जागा, किमान ५० जणांची सोय, पाणी, स्वच्छतागृह, अंथरूण-पांघरूण, शिवाय ओळखपत्र आणि रेशनकार्ड काढायला मदत.

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. बेघर मोजले गेले ५७ हजारांच्या आसपास, आणि रात्री फिरून मोजणी करणाऱ्या संस्थांना हा आकडाही तोकडा वाटतो. महापालिकेने सव्वाशेचं लक्ष्य कधीच गाठलं नाही. सुरुवातीच्या निवाऱ्यांतले बरेचसे लहान मुलांसाठी होते. नवरा-बायको-मुलं एकत्र राहू शकतील असे निवारे त्याहून कमी. मुंबईचे बेघर बहुतेक कुटुंबकबिल्यासह असतात, त्यामुळे बाप एका निवाऱ्यात आणि आई-मुलं दुसऱ्यात, हे त्यांना पटत नाही. पालिकेचं उत्तर ठरलेलं: जागा नाही. शेवटी उड्डाणपुलांखालच्या जागा शोधल्या गेल्या. विकास आराखडा २०३४ मध्ये बेघर निवाऱ्यांसाठी आरक्षणं टाकली आहेत, पण मुंबईत आरक्षण आणि बांधकाम यांच्यामध्ये किती वर्षं जातात हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

जागा नाही, हे तरी कितपत खरं? दर डिसेंबरला ६ तारखेच्या आधी शिवाजी पार्कवर मांडव पडतात, फिरती शौचालयं, पाण्याचे टँकर, आरोग्य कक्ष लागतात. महापरिनिर्वाण दिनाला लाखो अनुयायी चैत्यभूमीवर येतात. १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराला माणसं मिळेल त्या गाडीने आली तेव्हा यातलं काही नव्हतं. आंबेडकरी संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून सोयी वाढत गेल्या. हिवाळ्यात महापालिका हजारो माणसांच्या झोपण्याची सोय करते, असं हे मोठं उदाहरण.

त्याच १९५६ च्या डिसेंबरात, २० तारखेला, गाडगेबाबा गेले. परगावाहून उपचारांसाठी येणाऱ्याला चार भिंती हव्यात हे त्यांनी धर्मशाळा बांधून दाखवलं होतं. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना थोडक्या पैशांत खोली देते, आणि तिथे नंबर लागायला थांबावं लागतं. न थांबू शकणारे परळला टाटा रुग्णालयाच्या समोर पथारी टाकतात. टाटा १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हापासून देशभरातले रुग्ण इथे येत आहेत. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते. त्यात थंडीत वारा पडतो, धूळ आणि धूर जमिनीलगत साचतात, आणि ती हवा सर्वात खालून घेतो तो फुटपाथवर झोपलेला. तिथून थोडं चालून गेलं की केईएमच्या बाजूला तिबेटी विक्रेते स्वेटर मांडून बसलेले दिसतात.

या लोकांचं नाव बेघरांच्या यादीत येत नाही. बिहारात, बंगालात, मराठवाड्यात त्यांचं घर आहे, क्वचित थोडी शेतीही. रात्रनिवाऱ्याची योजना शहरातल्या बेघरांसाठी, रुग्णालयाची खाट रुग्णासाठी, धर्मशाळेची खोली नंबर लागलेल्यासाठी. रुग्णाबरोबर आलेला भाऊ, बायको, मुलगा यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्यांना खिचडी एक संस्था देते, औषधाच्या चिठ्ठीचं दुसरी बघते, ब्लँकेटं तिसरी वाटते आणि पुढची तपासणी कधी हे विचारायला ते सकाळी ओपीडीच्या रांगेत उभे राहतात.