बायकांचं हार्ट आणि "पित्त असंल"

कोल्हापुरात बाईच्या छातीत जळजळलं की आधी पित्त, मग गॅस, मग "काल तांबडा रस्सा जास्त झाला असंल", हार्टचं नाव सगळ्यात शेवटी. आमच्या मावशीचा जबडा आणि पाठ दुखून दरदरून घाम फुटला तरी दवाखान्यात पित्ताचीच गोळी मिळाली, ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी. पण एकट्या त्या डॉक्टरला काय बोलायचं, बायकांना हार्टचं दुखणं नसतं ही समजूत लई जुनी.

खरं तर सुरुवात बरी होती. १९४८ ला अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ लोकांवर हार्टच्या आजाराचा अभ्यास सुरू झाला, त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या, आणि "रिस्क फॅक्टर" (आजाराचा धोका वाढवणारी गोष्ट) हा शब्द १९६१ ला त्याच टीमच्या पेपरमुळं रुळला. त्यात दिसलं की बायकांना हा आजार साधारण दहा वर्षं उशिरा गाठतो, आता "उशिरा होतो" याचं "होतच नाही" कधी झालं ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. १९६४ ला तिकडच्या हार्ट असोसिएशननं पोर्टलंडमध्ये खास बायकांसाठी परिषद भरवली, विषय काय तर नवऱ्याचं हार्ट कसं सांभाळायचं! पुढं अ‍ॅस्पिरिननं हार्ट अटॅक टळतो का याची मोठी ट्रायल (माणसांवर औषधाची चाचणी) झाली, २२,०७१ डॉक्टर घेतले, सगळे पुरुष.

१९९१ ला बर्नाडिन हीली या हार्टच्याच डॉक्टर बाईंनी स्पष्ट लिहिलं, की बाईला पुरुषासारखाच आजार आहे हे सिद्ध झाल्याशिवाय तिला नीट उपचार मिळत नाहीत. १९९३ ला सरकारी पैशाच्या संशोधनात बायका घ्यायच्याच असा तिथं कायदा झाला. तोवर पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या दिल्या की हार्ट जपलं जातं असं डॉक्टर ठामपणे सांगायचे, मग १६,६०८ बायकांवर दोन हार्मोनची जोडगोळी तपासली तर धोका उलट वाढलेला निघाला आणि २००२ ला ती ट्रायल मध्येच थांबवावी लागली. इतकी वर्षं नुसत्या अंदाजावर चाललेलं!

आपल्याकडं बीपी-शुगरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० चा. नंतर आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा अशा आजारांच्या धोक्याचा फॉर्म भरायला लागल्या, आणि २०२२ च्या नवरात्रात राज्यानं खास बायकांच्या तपासणीची मोहीम काढली. कंबर मोजायची म्हणजे टेप लुगड्याच्या ओच्यावरून फिरणार, आकडा काय यायचा तो येणार. तंबाखू खाता का विचारलं की म्हातारी ठसक्यात सांगणार, "न्हाई बाई, नुसती मिसरी लावते." ती तंबाखूच भाजून केलेली असते हे तिच्या गावीच नाही.

गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली असली तर पुढं हार्टचा धोका जास्त, हे अमेरिकेच्या गाईडलाईनमध्ये २०११ ला आलं. आशाताईंच्या फॉर्ममधल्या धोक्याच्या सहा प्रश्नांत ते नाही. मावशीला दुसऱ्या खेपेला बीपी वाढून पाय सुजले होते, पण कुणी विचारलंच नाही, मग ती कशाला सांगतीय.