खेळते भांडवल (भारतातील लघुउद्योग)

कच्चा माल, अर्धवट व तयार माल, उधारी आणि रोकड यांत फिरत राहणारा उद्योगाचा पैसा. अशा सर्व चालू मत्ता (वर्षभरात रोकड होणाऱ्या) म्हणजे स्थूल खेळते भांडवल. तीतून चालू देणी (वर्षभरात फेडायची) वजा जाता उरते ते निव्वळ. कर्जाच्या हिशेबात दुसरा अर्थ अधिक कामाचा.

बँकांचा प्रसार होण्यापूर्वी ही गरज पेढ्या आणि हुंड्या (रक्कम देण्याच्या लेखी चिठ्ठ्या) भागवीत. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरल्या तारखेला. हुंडीची प्रथा नेमकी किती जुनी, याबद्दल एकमत नाही; मोगलकाळात ती सर्रास होती, एवढे निश्चित म्हणता येते.

बँकांनी किती कर्ज द्यावे, यासाठी रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये टंडन समिती नेमली. तिने तीन पद्धती सुचविल्या. समजा, चालू मत्ता १०० लाख आणि बँककर्ज सोडून इतर चालू देणी २० लाख आहेत. पहिल्या पद्धतीत उरलेल्या ८० लाखांपैकी चतुर्थांश, म्हणजे २० लाख, उद्योजकाने घालायचे व बँक ६० देणार. दुसरीत एकूण मत्तेचा चतुर्थांश, म्हणजे २५ लाख, त्याचे, बँकेचे ५५. येथे चालू गुणोत्तर (चालू मत्ता भागिले बँककर्जासह चालू देणी) १.३३ येते. कायम पडून राहणारा किमान साठा पूर्णतः मालकाच्या पैशातून उभारायला लावणारी तिसरी पद्धत कडक असल्याने अमलात आली नाही. पुढे चोरे समितीने दुसरीवर भर दिला. साठ्याचे असे तपशीलवार हिशेब छोट्या कारखानदाराला झेपणारे नव्हते. त्यामुळे नायक समितीचा (१९९१-९२) ठोकताळाच त्याला सोयीचा म्हणावा लागेल : चक्र (पैसा मालात गुंतून पुन्हा रोकड होण्याचा काळ) तीन महिन्यांचे धरून गरज अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के, त्यातले २० बँकेचे, ५ मालकाचे.

प्रत्यक्षात चक्र लांबते ते उधारीमुळे. इचलकरंजीत स्वतःच्या सुतावर कापड काढणाऱ्या यंत्रमागधारकाचा पैसा सुतात, मागावरच्या बीमात (उभे धागे गुंडाळलेल्या रुळात), ताग्यांच्या थप्पीत आणि व्यापाऱ्याकडे अडकतो. ‘खर्चीवाला’ व्यापाऱ्याच्या सुतावर पिकाप्रमाणे (इंचातील आडव्या धाग्यांच्या हिशेबाने) मजुरी घेऊन विणतो. त्याला वीजबिल आणि कामगारांचा पगार एवढीच तजवीज करावी लागते. खर्ची विणाई ही भांडवलटंचाईवरची तोडच आहे. मात्र बाजार चढला तर त्याचा लाभ सूतमालकाला.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार लिखित करार असला तरी सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावयाचे असतात. उशिरावर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. ते मागण्यास पुरवठादार सहसा धजत नाही. पुढची ऑर्डर त्याच गिऱ्हाइकाकडून यायची असते. १९६१ च्या आयकर अधिनियमात घातलेल्या कलम ४३ब(ह) मुळे, १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न चुकविलेली रक्कम देणाऱ्याला ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही.